फोल्डर हलवला, शोध जागीच राहिला

पंपांचे स्टार्टर आणि कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका कंपनीत मी होते, तेव्हा सगळ्या कागदपत्रांत शोध घेता येईल अशी सोय करण्याचं काम माझ्याकडे आलं. साल २०१२. मॅन्युअल, वायरिंगचे शीट, सुट्या भागांच्या याद्या, सर्व्हिसची परिपत्रकं असं सगळं सबव्हर्जनच्या एकाच रेपोमध्ये होतं. कुठला कागद कोणी आणि केव्हा बदलला हे सबव्हर्जन चोख सांगतं. कागदाच्या आत काय लिहिलंय ते मात्र सांगत नाही. बीडला किंवा पंढरपूरला पॅनलसमोर उभ्या असलेल्या टेक्निशियनला फाइलचं नाव ठाऊक नसतं. त्याला ‘ओव्हरलोड रिले ट्रिप’ असं टाइप करून नेमकं पान हवं असतं. ही गरज खरी होती, आणि ती भागवताना मी केलेल्या चुकांपायी एका माणसाला चुकीचं पान मिळालं. त्या चुका लिहून ठेवते आहे, कारण तशीच व्यवस्था उभी करायला निघालेले लोक मला अजून भेटतात.

शोधासाठी सोलर घेतला. यॉनिक सीली यांनी २००४ मध्ये सीनेट कंपनीत असताना त्याची सुरुवात केली, २००६ मध्ये तो अपाचेकडे आला. आतलं इंजिन ल्यूसीनचं. पीडीएफ, वर्ड, एक्सेलमधून मजकूर काढण्याचं काम टिका करतं, आणि सोलरच्या १.४ आवृत्तीपासून ते सोलरला जोडूनच मिळत होतं. फाइल पाठवायची, पुढचं सोलर बघतो. राहिलं एवढंच, की रेपोमध्ये काही बदललं की सोलरला कळवायचं. त्यासाठी सबव्हर्जनमध्ये पोस्ट-कमिट हुक असतो. कमिट झालं की सर्व्हर ती स्क्रिप्ट चालवतो आणि तिच्या हाती रेपोचा पाथ आणि रिव्हिजन नंबर देतो. ‘एसव्हीएनलुक चेंज्ड’ म्हटलं की त्या रिव्हिजनमधल्या बदलांची यादी येते. ओळीच्या सुरुवातीला ए असेल तर नवी फाइल, यू म्हणजे बदललेली, डी म्हणजे काढलेली. ए आणि यू दिसलं की फाइल सोलरकडे पाठवायची, डी दिसलं की इंडेक्समधून काढायची. स्क्रिप्ट पानभराचीसुद्धा झाली नाही.

या यादीत फोल्डरही येतात. त्यांच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ असते. फोल्डर हा काही कागद नाही, तेव्हा तिरक्या रेघेने संपणारी ओळ सोडून द्यायची, अशी अट मी स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच घातली. टेस्टिंगमध्ये सगळं बरोबर आलं, कारण टेस्टिंगमध्ये मी फक्त फाइलीच घातल्या, बदलल्या आणि काढल्या. फोल्डरला हात लावून बघितलाच नाही.

आमच्या एका पॅनलमध्ये कॉन्टॅक्टरची कॉइल ४१५ व्होल्टची असे, दोन फेजच्या मध्ये जोडलेली. नव्या मालिकेत ती २४० व्होल्टची झाली. एक टोक फेजला, दुसरं न्यूट्रलला. पॅनल बाहेरून जवळजवळ सारखेच दिसायचे. ड्रॉइंग ऑफिसने सगळं रीतसर केलं होतं. जुन्या मालिकेचा अख्खा फोल्डर ‘जुने’ या फोल्डरखाली हलवला आणि नवे शीट नव्या फोल्डरमध्ये टाकले. ‘जुने’खालचं काहीही नेहमीच्या शोधात दिसणार नाही, अशी व्यवस्था मीच केली होती आणि तसं त्यांना सांगितलंही होतं. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

एक टेक्निशियन नव्या मालिकेच्या पॅनलची कॉइल बदलायला गेला. त्याने शोध घेतला, पहिला आलेला शीट उघडला आणि त्यात दाखवल्याप्रमाणे कॉइल दोन फेजच्या मध्ये जोडली. २४० ची कॉइल ४१५ वर जळाली. शेतीला थ्री-फेज वीज ठरावीक तासच मिळते. त्या शेतकऱ्याची पाण्याची पाळी गेली, आणि दुसरी कॉइल मिळेपर्यंत पंप बंद राहिला. टेक्निशियनचा फोन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, “मी मनाचं काही केलं नाही, मॅडम. तुमच्या शोधात पहिलं आलं तेच बघून लावलं.”

सबव्हर्जनच्या लेखी फोल्डर हलवणं म्हणजे दोन ओळी असतात. जुन्या नावापुढे डी, नव्या नावापुढे ए. आतल्या फाइली त्या यादीत एकेक करून येत नाहीत. फोल्डरची कॉपी हा तिथे अगदी स्वस्त व्यवहार आहे. आत हजार फाइली असल्या तरी नोंद एका फोल्डरची होते, आणि शाखा आणि टॅग यावरच चालतात. माझ्या अटीने त्या दोन्ही ओळी तिरकी रेघ दिसताच टाकून दिल्या. म्हणून इंडेक्सच्या हिशेबी जुना शीट अजून मूळ जागीच होता आणि ‘जुने’मध्ये काही गेलेलंच नव्हतं.

एवढ्याने कॉइल जळाली नसती. त्या शीटच्या लिंकवर टिचकी मारल्यावर फाइल रेपोमधून येत असती, तर ‘सापडत नाही’ असा निरोप आला असता आणि त्या माणसाने ऑफिसला फोन केला असता. पण गावाकडचं नेट धीमं म्हणून मी प्रत्येक फाइलची एक प्रत सर्च सर्व्हरच्याच डिस्कवर ठेवली होती. रेपोने टाकून दिलेला कागद माझ्या सर्व्हरने जपून ठेवला आणि मागितल्यावर हजर केला. त्यात जुना शीट एका पानाचा, नव्यात इशारे आणि तक्ते घालून तो लांबलेला. ल्यूसीनच्या तेव्हाच्या गुणांकनात आखूड मजकुरात सापडलेल्या शब्दाला जास्त वजन मिळायचं. जुना शीट वर आला तो त्यामुळे. नव्या आणि जुन्या कागदात नव्याला झुकतं माप द्यावं, हे मला सुचलंच नव्हतं.

घाईत केलेली दुरुस्तीही चुकली. डी आणि फोल्डर दिसला की त्या नावाने सुरू होणारं सगळं इंडेक्समधून काढायचं, असं मी लिहिलं, आणि लिहिताना शेवटची तिरकी रेघ कापून टाकली. ‘पॅनल-१’ हा फोल्डर काढला गेला तेव्हा ‘पॅनल-१०’ आणि ‘पॅनल-११’ही शोधातून गेले. ती एक रेघ नावाचाच भाग आहे, तिच्यावाचून फोल्डरची हद्द कळत नाही. ही चूक लवकर लक्षात आली, कारण नसलेल्या कागदाबद्दल लोक लगेच ओरडतात. जुना कागद राहून गेला तर कोणी ओरडत नाही. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत घातक वाटते ती हीच गोष्ट.

हुकचा त्रास वेगळाच होता. पोस्ट-कमिट हुक संपेपर्यंत कमिट करणारा माणूस थांबून राहतो. मोठ्या पीडीएफमधून मजकूर काढायला टिकाला वेळ लागे, तोवर ड्रॉइंग ऑफिसमधल्या स्क्रीनवर नुसतं फिरत राहायचं. कमिट अडकलं असं समजून लोक ते रद्द करत आणि पुन्हा करायला जात. म्हणून मी काम बॅकग्राउंडला टाकलं. त्याने थांबणं संपलं, पण क्रम बिघडला. एकाच फाइलची दोन कमिट पाठोपाठ आली की दोन स्क्रिप्ट समांतर चालायच्या, आणि आधीच्या रिव्हिजनची स्क्रिप्ट मागाहून संपली तर इंडेक्समध्ये जुना मजकूर नव्यावर चढून बसायचा. शिवाय प्रत्येक फाइलनंतर मी सोलरला कमिट करायला लावत होते. सोलरचं कमिट म्हणजे नवा सर्चर उघडणं आणि तो तापवणं. एका दमात पुष्कळ फाइली आल्या की तापत असलेल्या सर्चरची मर्यादा ओलांडल्याची तक्रार लॉगमध्ये यायची आणि तेवढ्या फाइली पुढचं कमिट होईपर्यंत शोधाबाहेर राहायच्या. तो लॉग वाचायला कोणी नेमलेलं नव्हतं. मीही वाचत नव्हते.

आणि सोलर बंद असताना झालेली कमिट? ती हरवायची. हुकने पाठवलं, पलीकडे कोणी नव्हतं, विषय संपला. कमिट झाल्यावर चाललेला हुक फसला तरी कमिट काही मागे फिरत नाही, आणि फिरूही नये. कुठल्या रिव्हिजनपर्यंतचं इंडेक्समध्ये आलं आहे हे मी कुठेही लिहून ठेवत नव्हते. त्यामुळे काय राहिलं हे विचारायची सोयच नव्हती.

आता परवानग्यांबद्दल. कॉइल जळाली ती बदलता आली. ही चूक निस्तरता आली नाही.

सबव्हर्जनमध्ये कोणी कुठला फोल्डर वाचायचा हे ऑथ्झ फाइलमध्ये लिहितात. विक्री विभागाचा दरांचा फोल्डर मोजक्या लोकांनाच उघडत असे. पण एसव्हीएनलुक सर्व्हरच्या डिस्कवरून थेट रेपो वाचतं, ऑथ्झला विचारत नाही. रेपोमध्ये जे आहे ते सगळं माझ्या स्क्रिप्टने उचलून सोलरमध्ये घातलं. एका सर्व्हिस केंद्रातल्या मुलाने एका सुट्या भागाचं नाव शोधलं, आणि निकालाखाली जो दोन ओळींचा उतारा येतो त्यात एका डीलरला दिलेली सवलत टक्केवारीसह दिसली. फाइल उघडायचीही गरज पडली नाही. तो आकडा फिरला. इतर डीलरांचे फोन विक्रीतल्या ज्या सहकाऱ्याला घ्यावे लागले, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. मी त्याच्याकडे जाऊन काय झालं ते सांगितलं, पण बाहेर गेलेला आकडा परत घेता येत नाही.

निकाल आले की दाखवण्याआधी गाळायचे, असं मला आधी वाटलं होतं. तेही अपुरं आहे. गाळलेल्या कागदांची संख्या एकूण आकड्यात तशीच राहते, आणि अमुक नावाचे तीन कागद आहेत एवढं कळणंसुद्धा पुष्कळ असतं. वाचायची परवानगी कोणाला आहे हे प्रत्येक कागदाबरोबर इंडेक्समध्येच लिहायला हवं, आणि शोध घेणाऱ्याचे गट प्रत्येक प्रश्नाला सर्व्हरच्या बाजूने जोडायला हवेत. ऑथ्झ फाइल बदलली की तिच्या टप्प्यातले सगळे कागद पुन्हा इंडेक्स करायचे. आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. आमचा सोलर ८९८३ या पोर्टवर ऑफिसच्या नेटवर्कला उघडा होता. तेव्हाच्या आवृत्तीला स्वतःचं लॉगिन नव्हतं. ब्राउझरमध्ये एक पत्ता टाइप करून कोणालाही सगळा इंडेक्स रिकामा करता आला असता. कोणी केला नाही, हे आमचं नशीब.

मराठी कागदांपाशी मी आणखी अडखळले, आणि तिथे मला जास्त वाईट वाटतं, कारण ही भाषा तर मला येत होती. हुक चालतो तेव्हा त्याच्याभोवती कसलंच वातावरण नसतं. पाथ नावाचा व्हेरिएबल नसतो, लोकेल नसतं. देवनागरी नावाची फाइल आली की एसव्हीएनलुक तिचं नाव प्रश्नचिन्ह, उलटी तिरकी रेघ, २२४, पुन्हा प्रश्नचिन्ह, उलटी तिरकी रेघ, १६४ असं बाइटवारी छापायचं. त्या नावाची फाइल अर्थातच सापडायची नाही आणि स्क्रिप्ट पुढे जायची. इंग्रजी नावांचे कागद शोधात, मराठी नावांचे बाहेर. स्क्रिप्टच्या डोक्यावर यूटीएफ-८ चं लोकेल लिहिल्यावर ते सुटलं. एका ओळीचं काम होतं.

नंतर ‘शेतकऱ्यांसाठी सूचना’ हे पत्रक काही जणांना सापडायचं आणि काहींना नाही. पडद्यावर अक्षर हुबेहूब तेच दिसतं, पण त्यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ, हलन्त, य असं लिहितात. काही र, हलन्त, मग न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे, आणि मग य. सोलरला हे दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण लावलं तरी तो जोडक काही जात नाही. इंडेक्स करताना आणि शोधताना, दोन्हीकडे एक रूप दुसऱ्यात बदलून घेणारा नियम स्वतः लिहावा लागला. दुसऱ्या, फेऱ्या, कर्मचाऱ्यांना, वाऱ्यामुळे असे शब्द मराठीत पावलोपावली येतात. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

सोलरमध्ये तेव्हा हिंदीची तयार मांडणी होती, मराठीची नव्हती. लिपी एकच म्हणून मी हिंदीची लावून टाकली. त्या मांडणीबरोबर हिंदीत शोधाला निरुपयोगी मानलेल्या शब्दांची यादी येते आणि ते शब्द इंडेक्समधून गाळले जातात. त्या यादीत ‘कर’ आहे. हिंदीत तो ‘करून’ या अर्थाने जागोजागी येतो. मराठीत कर म्हणजे टॅक्स. हिशेब विभागातल्या बाईंनी ‘कर’ शोधलं आणि काहीच आलं नाही, तेही मूल्यवर्धित कराची परिपत्रकं रेपोमध्ये असताना. त्यांना वाटलं, परिपत्रकं अजून चढवलीच नाहीत. त्यांनी ती ड्रॉइंग ऑफिसकडे पुन्हा मागितली. मी हिंदीची यादी आणि हिंदीचे प्रत्यय तोडणारा भाग काढून टाकला. विभक्तीचे प्रत्यय मग न तोडताच राहिले. चुकीचं तोडण्यापेक्षा ते बरं.

श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या परिपत्रकांचं काय करायचं हा प्रश्न मी बराच काळ टाळला. त्या फाइलींत मराठी फक्त फॉन्टमुळे दिसतं. आत असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि टिका तीच बाहेर काढतं. असा कागद इंडेक्समध्ये असूनही नसल्यासारखाच. शेवटी फाइलमधलं फॉन्टचं नाव बघून असे कागद वेगळे काढले, त्यांचे विषय हाताने टाइप करून घेतले आणि निकालात ‘आतला मजकूर शोधता येत नाही’ असं स्पष्ट लिहिलं. ते आधीपासून लिहिलं असतं तर लोकांनी ‘शोधात नाही म्हणजे कागदच नाही’ असं गृहीत धरलं नसतं.

पुढे ही सगळी मांडणी मोडून नव्याने केली. हुकने फक्त ‘काहीतरी बदललं’ अशी खूण ठेवायची आणि लगेच संपायचं. दर काही मिनिटांनी एकच काम चालायचं. कुठल्या रिव्हिजनपर्यंत पोचलो हे ते सोलरमध्येच नोंदवायचं, कागदांच्या त्याच तुकडीबरोबर. मग दोन्ही आत जातात किंवा दोन्ही बाहेर राहतात. रिव्हिजन ओळीने घ्यायच्या, म्हणजे मागचं पुढच्यावर चढत नाही. फोल्डर दिसला की आत शिरायचं. आणि रोज रात्री एसव्हीएनलुककडून ट्रंकमधल्या, म्हणजे रेपोच्या चालू मुख्य शाखेतल्या, सगळ्या पाथांची यादी घ्यायची, सोलरमधल्या सगळ्या पाथांची घ्यायची, आणि दुकानदार रात्री गल्ला आणि वही जुळवतो तशी दोन्ही जुळवायची. इंडेक्समध्ये आहे आणि रेपोमध्ये नाही, असं काही निघालं तर ते काढायचंच, शिवाय त्याची मेल माझ्याकडे यायची. सर्व्हरवरच्या प्रती मी पुसून टाकल्या. पान उशिरा उघडलं तरी चालेल, पण ते रेपोमधलंच उघडलं पाहिजे. पूर्ण इंडेक्स नव्याने भरायचा असेल तेव्हा चालू इंडेक्स रिकामा करायचा नाही, शेजारी दुसरा कोअर भरायचा, तपासायचा आणि मग दोघांची अदलाबदल करायची. याआधी मी चालू इंडेक्स पुसून भरत असे, आणि तोवर शोधणाऱ्याला अर्धेमुर्धे निकाल मिळत.

मी पुढे दुसरीकडे गिटवर हेच काम केलं. गिट फोल्डरचा स्वतंत्र माग ठेवत नाही, त्यामुळे फोल्डर हलवला तरी यादीत फाइली एकेक करून येतात आणि माझी पहिली चूक तिथे झाली नसती. तिथले खड्डे निराळे आहेत. देवनागरी नावं गिट अवतरणचिन्हांत घालून अष्टमान आकड्यांत छापतं. झेड हा पर्याय दिला तर नाव जसंच्या तसं मिळतं. फाइलचं नाव बदललं तर आर ने सुरू होणाऱ्या एका ओळीत दोन पाथ येतात, आणि दुसराच वाचला तर जुना इंडेक्समध्ये राहून जातो. कोणी फोर्स-पुश केलं की तुम्ही जिथपर्यंत आलो म्हणून लिहून ठेवलं ते कमिट इतिहासातूनच बाहेर पडतं, आणि फरक कशाशी काढायचा हा प्रश्न पडतो. तेव्हा रात्रीची जुळवणी गिटवरही लागतेच.

तुमच्याकडे असा शोध चालू असेल तर त्याच्या कर्त्याला एक विनंती आहे. आज रेपोमधला एक फोल्डर दुसरीकडे हलवा आणि जुन्या पाथावरचा एखादा कागद शोधा. मग सर्च सर्व्हर बंद ठेवून एक कमिट करा, सर्व्हर चालू करा आणि ती फाइल आली का बघा. शेवटी ज्याला सर्वांत कमी परवानग्या आहेत अशा माणसाच्या लॉगिनने दरांच्या फोल्डरमधला एखादा शब्द टाइप करा. या तिन्हींची उत्तरं हातात येईपर्यंत तो शोध कोणा टेक्निशियनच्या हातात देऊ नका.